आज काय खाल्लं?

पहिला प्रश्न तेवढा ठरलेला असायचा. बाकी काही म्हणजे काही ठरवायचं नाही. समोरच्या खुर्चीत कुणीही येऊन बसो, आमचे घरमालक ताठ बसायचे, घसा साफ करायचे आणि विचारायचे, "आज काय खाल्लं?"

एवढ्या एका प्रश्नावर त्या माणसानं तिसगावात तीन पावसाळे केबलवर कार्यक्रम चालवला. पाहुणे यायचे ते सगळे लोकांना हसवणारे. तमाशातले सोंगाडे, बहुरूपी, लग्नाच्या वरातीत पुढाऱ्यांचे आवाज काढणारे. कागद नाही, तालीम नाही, आणि कॅमेऱ्यामागं मी. मी म्हणजे सरकारी दवाखान्यातली नर्स. आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्या घरात चार महिने राहिलं की माणसाला कशातच वावगं वाटेनासं व्हायचं.

मी कोपरगावची, पाटाच्या पाण्यातली. नवरा तिकडंच साखर कारखान्यात. बदलीचा कागद हातात पडला तेव्हा मी आठवडाभर रडले होते, आणि इथं येऊन पहिला उन्हाळा बघितल्यावर पुन्हा रडले. खोली मिळाली ती मालकांच्या घराच्या मागच्या अंगाला. पहिल्या दिवशी मालकांनी अटी सांगितल्या. पाणी जपून वापरायचं. गच्चीवरच्या डिशवर कपडे वाळत घालायचे नाहीत. आणि तिसरी, "आमच्या घरात पाठ केलेला विनोद कुणी सांगत नाही. सुचला तर बोलतात."

ते बसस्थानकावर कंट्रोलर होते. तीस वर्षं खिडकीच्या आत बसून, समोरच्या वहीत बघून गाड्यांची नावं पुकारली. रिटायर झाल्यावर केबल टाकली, पण आवाज तोच राहिला. घरातही पुकारायचे. "चहा स्वयंपाकघरातून सुटलेला आहे, नर्सबाईंनी कृपया लक्ष द्यावं." मालकीणकाकू आतून म्हणायच्या, "सुटलाय नव्हं, मग घ्या की हातात." कागदाचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा. मला म्हणाले, "तीस वर्षं लिहिलेलं वाचलं. गाडी समोर नसली तरी आली म्हणून वाचलं, कारण कागदावर ती आली होती. आता मला समोरचं तेवढं बघायचंय."

कॅमेरा माझ्या गळ्यात पडला त्याचं कारणही असंच. काकूंना अशक्तपणा होता, मी रोज इंजेक्शन द्यायचे. मालक दारात उभं राहून बघत होते. सुई गेली, आली, काकूंनी हूं की चूं केलं नाही. मग म्हणाले, "हात हलला नाही." दुसऱ्या दिवशी एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतला कॅमेरा घेऊन हजर.

"अहो काका, मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच," ते म्हणाले. तो विषय तिथं संपला.

कॅमेऱ्याची वायर थेट यंत्रात, यंत्रातून केबल, केबलमधून घरोघर. मी इकडं मान वळवली की पेठेतल्या टीव्हीत चित्र वळायचं. टेप त्यांनी कधी लावलीच नाही. काकू एकदा म्हणाल्या, निदान एक तरी भरून ठेवा. तर म्हणाले, "बोललेलं भरून ठेवायला ते लोणचं आहे का?"

पाहुण्याचे खिसे दारातच तपासायचे. काही लिहिलेलं सापडलं की ते फडताळातल्या बरणीखाली जायचं. पाथर्डीकडचा एक जण तळहातावर विनोद लिहून आला होता. मालकांनी त्याला मोरीवर नेलं, साबण दिला आणि हात धुऊन होईस्तोवर शेजारी टॉवेल घेऊन उभे राहिले. बिचाऱ्याला त्या दिवशी काहीच आठवेना. शेवटी तो आपण कसे विनोद लिहून काढतो आणि बायको त्याच कागदात मिरच्या बांधते हे सांगायला लागला, आणि गाव लोटपोट झालं.

दुसरा नियम म्हणजे पाहुण्याला आधी काहीही सांगायचं नाही. काय विचारणार, किती वेळ, कसं दिसणार, एक अक्षर नाही. "सांगितलं की माणूस सावरून बसतो. सावरलेली माणसं मी खिडकीपलीकडं रांगेत खूप बघितली." आणि तिसरा नियम, सुरू केलेलं बंद करायचं नाही. वीज गेली तर गेली, तेवढीच सुट्टी.

मालक स्वतः कधी हसायचे नाहीत. फारच आवडलं तर कानाची पाळी चोळायचे. बोलणंही एका शब्दाचं, "मग?" पाहुणा थांबला की "मग?" आणि तो "मग?" असा यायचा, की पुढं सांगावंच लागायचं. हसायचं काम काकूंचं. त्या स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून बसायच्या, तरी त्यांचं हसू घरोघर ऐकू जायचं. बाजारात बायका म्हणायच्या, "काकू, काल लई हसलात."

हे सगळं मी मजेत सांगतेय खरं. पण मालकांची आठवण आली की मला आधी रभाजी आठवतात, आणि मग जेवण जात नाही.

रभाजी गावातलेच, बौद्धवस्तीतले. एके काळी ह्या भागातला नावाजलेला सोंगाड्या. मढीच्या यात्रेत त्यांचा फड लागला की लोक भाकरी बांधून यायचे म्हणे. मी बघितले तेव्हा सत्तरी उलटलेली, वस्तीवरच्या जुन्या खोलीत एकटेच राहायचे, टीव्ही नव्हता. मुलगा शाळेत शिक्षक. त्यानं पाथर्डी रस्त्याला नवं घर बांधलं होतं. त्याला सगळे गुरुजी म्हणत. वडिलांच्या तमाशाचा विषय गुरुजींच्या घरी निघत नसे.

मालकांनी रभाजींना बाजाराच्या दिवशी हाताला धरून आणलं. भाद्रपद असावा, कारण ऊसतोडीला जाणारी माणसं अजून गावातच होती आणि टीव्हीसमोर घरं भरलेली होती. रभाजी खुर्चीत बसले, खोलीभर नजर फिरवली. मालक, मी आणि दारात काकू. "मानसं न्हाईत व्हय?" त्यांनी विचारलं. मालकांनी नियमाप्रमाणे काही सांगितलं नाही.

कॅमेरा सुरू झाल्यावर आधी त्यांनी सिनेमाची गोष्ट सांगितली. तरुणपणी कुणी शूटिंगला नेलं होतं. "दिसभर नाचवला मला. आन पडद्यावर बगतो तर निस्ता माझा हात. बाकीचा रभाजी कापला. कापत्यात नंतर बसून." काकू हसल्या, मीही हसले. त्या बोलण्यातून त्यांनी स्वतःची काय समजूत करून घेतली होती, ते तेव्हाच ओळखायला हवं होतं. मी हात स्थिर ठेवण्यात गुंग होते.

मग मालकांनी विचारलं, "आज काय खाल्लं?"

"भाकरी. आन ठेचा."

"मग?"

"मग काय? मीच थापली, मीच खाल्ली. मेलेल्या मानसाला कोन वाढतंय?"

"मग?"

"आवं, मी मेलो न्हवं का गेल्या ऐतवारी. माझ्या नातीची सुपारी फुटली मिरजगावला. तितं लेकानं पाव्हन्यांना सांगितलं, पोरीचा आजा वारला म्हनून. मला सोमवारी कळलं. बरं झालं सोमवारी कळलं, ऐतवारी कळलं असतं तर त्या दिशीचं जेवन बुडालं असतं."

आणि मग ते उठले. सत्तरीचा माणूस तो, पण अंगात काय आलं कोण जाणे. मेलेला रभाजी तंबाखू उधार मागायला जातो, दुकानदार म्हणतो, आदीची कोन देनार? मेलेला रभाजी स्वतःच्याच मयतीला जातो आणि कुणी रडत नाही म्हणून चिडतो. शेवटी स्वतःच खाली बसून स्वतःसाठी रडायला लागतो, "लई चांगला हुता वो, फकस्त नाचायचा." काकूंना हसू आवरेना. माझ्या डोळ्यांत पाणी, कॅमेरा तसाच. मालक कानाची पाळी चोळत होते.

हसता हसता काकू एकदम गप्प झाल्या. ते रडणं सोंगातलं राहिलं नव्हतं.

रभाजी उपरण्यानं तोंड पुसून परत खुर्चीत बसले. म्हणाले, "लेकाचं बी चुकलं न्हाई. मी रातीला लोकांस्नी हसवायचो, आन दुसऱ्या दिशी शाळंत त्यांचीच पोरं त्याला हसायची. सोंगाड्याचं पोर म्हनून नाचून दाव म्हनायची. त्यानं लई सोसलं. आपल्या पोरीला ते नको म्हनला आसंल." मग माझ्याकडं, म्हणजे कॅमेऱ्याकडं बघून हळूच म्हणाले, "एवढं कापा बरं का, बाई. दिवाळी झाली की लगीन हाय पोरीचं."

मी मालकांकडं बघितलं. मालकांनी माझ्याकडं बघितलं. बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. सुरू केलेलं बंद करायचं नाही, हा नियम. आणि आता बंद करून तरी काय होणार होतं? अंगठा होता तिथंच राहिला. एरवी दिवसातून चारदा जाणारी वीज त्या दिवशी गेली नाही.

चहा पिऊन रभाजी बाहेर पडले आणि पाच मिनिटांत परत दारात आले. पेठेतून जाताना घराघरांतून माणसं बाहेर आली होती. एका म्हातारीनं त्यांचा हात धरला आणि सोडेचना. टपरीवाला म्हणाला, रभाजी, कोन म्हनतं तू मेला, आमी तर जित्ता बगितला आत्ता.

उंबऱ्यात उभं राहून त्यांनी मालकांना विचारलं, "कापायच्या आदीच दावलं व्हय?"

मालकांनी यंत्रातून बाहेर जाणारी केबल बोटानं दाखवली. जन्मभर ज्या माणसानं प्रेक्षक समोर बघितला आणि मगच तोंड उघडलं, त्याला रिकाम्या खोलीत शेकडो माणसं बसली आहेत हे कसं कळावं? ते सांगायचं काम आमचं होतं.

बातमी मिरजगावला पोचायला चार दिवस लागले. नवऱ्या मुलाचे चुलते निरोप धाडून मोकळे झाले, की पुढच्या बाजाराला आम्ही येतो, आजा जिवंत आहे का मेलाय ते एकदा बघून घेतो, आणि जे घर बापाला मारतं त्या घरची पोर करायची का नाही ते मग ठरवतो. गुरुजींच्या घरात चूल पेटेनाशी झाली. ही बातमी मला गुरुजींच्या बायकोनंच दवाखान्यात सांगितली, आणि माझ्याकडं असं बघितलं की मी औषधाची पुडी बांधता बांधता चुकले.

त्या संध्याकाळी रभाजी आले. मालकांना म्हणाले, "येत्या बाजाराला परत बसवा मला. आन तुमी सांगा, मागल्या टायमाला जे झालं ती बतावनी हुती. रचलेली. ह्या सोंगाड्याला ना लेक, ना नात."

"मी रचलेलं कधी दाखवलं नाही, रभाजी," मालक म्हणाले. "लोकांना तेवढंच सांगत आलो."

"ठावं हाय मला. म्हनून तर तुमी सांगितलं की खरं वाटंल." मग म्हणाले, "मला बोलवताना तुमी काय सांगितलं न्हाई. आता मी सांगतो तेवढं आइका."

बाजाराच्या दिवशी मालकांनी दुपारभर दार लावून घेतलं. काकूंना नंतर फाडलेले तीन कागद सापडले. रभाजी माझ्याकडं आले आणि म्हणाले, "बाई, सफेदा कुटं मिळायचा आता? तुमच्याकडं खाजंवर लावायचं ते गुलाबी औशद हाय का? रंग लावून बसलो म्हंजी सोंग वाटंल." मी बाटली दिली. त्यांनी आरशात न बघता दोन बोटांनी तोंड रंगवलं. हाताला सवय होती.

चुलते गुरुजींच्या घरी टीव्हीसमोर बसलेले होते. इकडं मालकांनी खिशातून कागद काढला. त्यांचा आवाज बदलला, बसस्थानकावरचा झाला. "इकडे लक्ष द्या. मागील कार्यक्रमात रभाजी यांनी सांगितलेली हकिकत करमणुकीसाठी रचलेली होती. त्यांना मुलगा नाही. त्यांना नात नाही. प्रेक्षकांनी नोंद घ्यावी." आणि काय सांगू, माझा कॅमेरा हलत होता. तीन पावसाळ्यांत पहिल्यांदा.

गुलाबी तोंडाचे रभाजी शेजारी खिदळले. म्हणाले, "मला लेक असता तर मी ह्या वयात असा तोंड रंगवून बसलो असतो व्हय?"

काकू हसल्या नाहीत. त्या उठून आत गेल्या.

आणि गावानं तोंड शिवून घेतलं. चुलते चहाच्या टपरीवर बसले, दुकानात गेले, चारचौघांना खोदून विचारलं. प्रत्येकानं तेच सांगितलं, रभाजीला कुणी नाही, सोंगाड्याच तो, काहीबाही बरळतो. गुरुजींच्या घराला एवढी मदत गावानं आधी कधी केली नव्हती. लग्न ठरल्या दिवशी झालं. रभाजी त्या दिवशी आमच्या अंगणात बसून होते. मालकांनी ताट आणून ठेवलं आणि विचारलं, "आज काय खाल्लं?" ते म्हणाले, "लाडू. मनातल्या मनात."

कार्यक्रम तिथंच बंद झाला. दोन्ही खुर्च्या गच्चीवर गेल्या. घरातलं पुकारणंही बंद झालं. चहा आता गुपचूप यायचा, आणि मला तो कडू लागायचा. मालक रोज दुपारी डबा घेऊन वस्तीवर जायचे. डबा स्वतः नेलेला, त्यात काय आहे ते स्वतःला माहीत, तरी रभाजींचं जेवण झालं की विचारायचे, "आज काय खाल्लं?" आणि रभाजी रोज काहीतरी वेगळंच सांगायचे. कधी मटण, कधी पुरणपोळी, एकदा तर हत्ती. हे मला रभाजींनीच दवाखान्यात सांगितलं. म्हणाले, "येकच मानूस बसतो समोर, पर बसतो."

दोन वर्षांनी हिवाळ्यात रभाजी गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी आमच्या दारात आले. मी जेवायला घरी आले होते. ते आत येऊन जमिनीवरच बसले. खुर्च्या नव्हत्याच.

"टेप आहे का त्या दिवशीची?" त्यांनी विचारलं.

"कधी भरलीच नाही," मालक म्हणाले.

गुरुजी फरशीवर बोट फिरवायला लागले. मग म्हणाले, "मी बघत होतो. घरात सगळे होते म्हणून आवाज बंद केला होता. नंतर गावानं एकूण एक शब्द सांगितला मला, नको तेही सांगितलं. पण शेवटी ते कॅमेऱ्याकडं बघून हळूच काहीतरी बोलले. ते काही कुणी सांगत नाही. काय म्हणाले आमचे दादा?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. कॅमेऱ्यामागं मी होते, ते मला बोलले होते, सांगायचं मलाच होतं. मी जसंच्या तसं सांगितलं. "एवढं कापा बरं का, बाई. दिवाळी झाली की लगीन हाय पोरीचं."

गुरुजींनी डोळे मिटले. मग अगदी साध्या आवाजात, जसं शाळेत एखाद्या मुलाला विचारावं तसं विचारलं, "मग कापलं का नाही तुम्ही?"

मालकच बोलले. "कापायला काही उरलंच नव्हतं, ते तेव्हाच घरोघर गेलं होतं. पण त्यांनी मेल्याची गोष्ट काढली तेव्हा मला एक वाक्य बोलता आलं असतं. रभाजी, हे लोक बघतायत. एवढंच. मी बोललो नाही. माझा कार्यक्रम रंगला होता, गुरुजी."

त्या घरात इतकं खरं कधी कुणी बोललं नव्हतं, आणि ते ऐकायला आम्ही चौघंच होतो. काकू दारात पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. गुरुजी ना रागावले, ना रडले. ते उठतील असं मला वाटत होतं, पण ते उठेनात.

मालकांनी घसा साफ केला आणि विचारलं, "आज काय खाल्लं?"

"काही नाही," गुरुजी म्हणाले.

मालकांनी "मग?" विचारलं नाही. उठून आत गेले आणि ताट वाढून घेऊन आले.